रूप, रंग आणि आपल्या मुलींचा आत्मसन्मान

(भुईगाव येथे संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलींच्या एखाद्या प्रश्नावर बोला, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा हा विषय आम्ही स्वतःहून निवडला. काहींना तो हलका वाटेल. शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा, नोकऱ्या, घरे असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना चेहऱ्याच्या रंगावर आणि अंगाच्या जाडीवर अर्धा तास कशाला घालवायचा, असेही कोणाच्या मनात येईल. म्हणून आम्ही जे पाहतो ते आधी सांगतो.

आम्ही बँकेत कारकून आहोत. शिष्यवृत्तीचे खाते उघडायला मुली आमच्या खिडकीवर येतात. अर्जाला लावलेला फोटो आणि समोरची मुलगी यांचा पुष्कळदा मेळ बसत नाही. स्टुडिओत फोटो इतका उजळून घेतलेला असतो, की नाक-डोळेसुद्धा पुसट होतात. साधा फोटो घेऊन ये, असे सांगितले की मुलगी कानकोंडी होते. एका मुलीने तर दुसरा फोटो काढायला साफ नकार दिला आणि खाते आठवडाभर रखडले. शिकवणाऱ्या भगिनींना विचारा. उत्तर येत असूनही मुली फळ्यापाशी जात नाहीत, कारण चेहऱ्यावर मुरुमे आलेली असतात. स्नेहसंमेलनाच्या सामूहिक फोटोत त्या मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड उभ्या राहतात. डबा उघडतात आणि अर्धी पोळी खाऊन बंद करतात. म्हणजे हा प्रश्न आरशापुरता राहिलेला नाही. तो शिष्यवृत्तीपर्यंत, फळ्यापर्यंत आणि जेवणाच्या डब्यापर्यंत पोहोचलेला आहे. ज्या समाजाने शिक्षणाच्या बळावर डोके वर काढले, त्या समाजाची मुलगी स्वतःच्या चेहऱ्याला लाजून वर्गात मागे बसत असेल, तर तो संस्थेचाच प्रश्न आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट करू. नीटनेटके राहू नका, केस विंचरू नका, चांगले कपडे घालू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही, कारण आपल्या समाजात स्त्रियांच्या राहणीविषयी सर्वांत महत्त्वाचे भाषण खुद्द बाबासाहेबांनी केलेले आहे. १९२७ च्या डिसेंबर महिन्यात महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत, गळ्यातील त्या गळसऱ्या, हातातील कथलाच्या पाटल्या या तुमची जात दुरून ओळखता यावी अशा खुणा आहेत, त्या टाका, असे त्यांनी सांगितले. स्वच्छ राहा, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, मुलींना शाळेत घाला, असेही सांगितले. तिथल्या तिथे अनेकींनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी बायकांना सुंदर दिसा असे सांगितले नाही. दुसऱ्यांनी तुमच्या अंगावर लादलेली कमीपणाची खूण उतरवा, असे सांगितले. ती खूण कपड्यांची आणि दागिन्यांची होती, म्हणून ती उतरवता आली. कातडीच्या रंगाचे तसे नाही. रंगालाच कोणी कमीपणाची खूण ठरवले, तर ती मुलगी काय उतरवणार? तिने उतरवायची गोष्ट एकच उरते, ती म्हणजे तो रंग कमीपणाचा आहे ही समजूत. आजच्या भाषणात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

ही समजूत आली कोठून? शरीरावरून माणसाची पायरी ठरवण्याचा उद्योग आपल्या देशात पुस्तकी विद्येच्या नावाखालीही झालेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील लोकांच्या नाकांची मापे घेतली आणि नाक जितके रुंद तितकी सामाजिक पायरी खालची, असा सिद्धांत मांडला. एका माणसाच्या नाकावरून त्याच्या संपूर्ण जातीची किंमत ठरली. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयी लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हीच मोजमापे तपासली. या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे त्यांनी त्याच आकड्यांच्या आधारे दाखवून दिले. नाकावरून श्रेष्ठत्व ठरवणारांचा असा निकाल लागून पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. तरीही आपल्या घरात बाळ जन्मले की पहिला प्रश्न येतो, ‘नाक कसे आहे? रंग कोणावर गेला?’

आता आपल्याच घरातील एका कागदाकडे या. आपल्याकडे वधू-वर परिचय मेळावे भरतात. त्यासाठी छापील अर्ज असतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची, आणि त्याच्या खाली एक रकाना असतो. त्या रकान्याचे नाव ‘वर्ण’. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द भरायचा. चातुर्वर्ण्य झुगारून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्माची दीक्षा घेतलेल्या समाजाच्या अर्जावर हा शब्द आजही छापला जातो. येथे वर्ण म्हणजे फक्त रंग, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. पण त्या रकान्याचे काम तपासा. तो जन्माने मिळालेली, बदलता न येणारी एक गोष्ट विचारतो आणि तिच्यावरून पायरी ठरवतो. ‘काळा’ असे त्या रकान्यात सहसा कोणी लिहीत नाही. सावळी मुलगी गव्हाळ लिहिते, गव्हाळ मुलगी निमगोरी लिहिते. म्हणजे अर्ज भरतानाच प्रत्येक मुलगी एक पायरी खोटे बोलायला शिकते. आणि प्रत्यक्ष भेटीत आपले खोटे उघडे पडेल या भीतीने क्रीमच्या डबीकडे वळते.

आमच्या तरुणपणी पाहण्याच्या कार्यक्रमात आम्हीही बसलो आहोत. पाहुण्यांपैकी एका बाईंनी आपला हात आमच्या हाताशेजारी धरून रंग ताडून पाहिला होता. त्याच हाताने आम्ही पदवीची परीक्षा लिहिली होती. तिच्याविषयी त्या बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही. या सभेत बसलेल्या पुष्कळ भगिनींना असे काही ना काही आठवत असेल. ते विसरून जा असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या घरी येणाऱ्या सुनेच्या वाट्याला ते येऊ देऊ नका, एवढीच विनंती.

घरात पेरलेल्या या समजुतीवर बाजाराने पीक काढले. १९७५ साली हिंदुस्तान लिव्हर कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम बाजारात आणले. काळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, मग ती क्रीम लावते, गोरी होते आणि नोकरी व नवरा दोन्ही मिळवते, अशा जाहिराती आपल्यापैकी सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या आहेत. २०२० साली जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा त्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून ‘ग्लो अँड लव्हली’ असे नाव ठेवले गेले. त्याच वर्षी जून महिन्यात ‘शादी डॉट कॉम’ने स्थळे शोधताना रंग निवडण्याची सोय काढून टाकली. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना जे करावेसे वाटले, ते समतेचे नाव घेणाऱ्या आपल्या मंडळांना जमू नये काय?

आणखी एक उदाहरण घ्या. २०१९ ते २०२३ या काळात ‘रंग माझा वेगळा’ ही मराठी मालिका घराघरांत पाहिली गेली. तिची नायिका दीपा काळ्या रंगाची होती आणि मालिकेचा विषयही रंगावरून होणारा भेदभाव हाच होता. हेतू चांगलाच होता. पण ती भूमिका उजळ रंगाच्या अभिनेत्रीला रंगभूषेने काळे करून करायला लावली होती. काळ्या मुलीचे दुःख सांगायलासुद्धा काळी मुलगी चालली नाही! याच महाराष्ट्राने सावळ्या रंगाची स्मिता पाटील आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना आणि मग ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपटांत पाहिली व डोक्यावर घेतली, याचा विसर पडू नये.

या डब्यांत असते तरी काय, हे विद्यार्थिनींनी समजून घ्यावे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते उन्हापासून आतील पेशींचे रक्षण करते. भुईगावच्या वाडीत आणि भातखाचरात राबणाऱ्या, भाजीच्या पाट्या घेऊन उन्हातान्हात हिंडणाऱ्या आपल्या आया-आज्यांच्या अंगावर हे द्रव्य ढालीसारखे उभे राहिले. ती ढाल खरवडून काढण्यासाठी काही क्रीममध्ये पारा घालतात, कारण पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही. पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळमधील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम वापरत होते. आपल्या महाराष्ट्रातही अकोल्याच्या एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांच्या तपासात बोट पुन्हा क्रीममधल्या पाऱ्याकडेच वळले.

दुसरा धोका स्टिरॉइडच्या मलमांचा. खरूज-इसबावरचे मलम मैत्रिणीने सांगितले म्हणून मुली रोज तोंडाला लावतात. दोन आठवडे चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लालसर होते, केस उगवतात, मुरुमे वाढतात आणि मलम बंद केले की आग होते. म्हणून पुन्हा तेच मलम. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, पण तो पाळला जातो की नाही, हे आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात उभे राहून पाहावे.

रंगाच्या जोडीला आता अंगाची जाडीही आली. आपल्या आजीला अंगाने भरलेली सून हवी असे. नातीला सडपातळ दिसायचे असते. आवड इतक्या लवकर कशी बदलते, हे प्रशांत महासागरातील फिजी बेटावर दिसून आले. तेथेही भरलेले अंग चांगले मानीत. १९९५ साली तेथील एका भागात दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयी धोकादायक कल कोणत्या मुलींत आहे हे ठरवणाऱ्या चाचणीत पहिल्या वेळी १२.७ टक्के मुली सापडल्या, तीन वर्षांनी २९.२ टक्के. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत असे करणाऱ्या मुली ११.३ टक्के होत्या. केवळ तीन वर्षांची दूरचित्रवाणी! आज तर प्रत्येक मुलीच्या हातात मोबाईल आहे आणि त्यात चेहरा गोरा, नाक सरळ, हनुवटी टोकदार करून देणारी यंत्रणा आहे. २०२१ साली इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. शरीराविषयी आधीच असमाधानी असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींतील एकीची अवस्था आमच्यामुळे आणखी बिघडते, अशी नोंद त्यांत होती.

आणि उपाशी कोण राहते आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. ज्या मुलीला भाकरी, पालेभाजी, अंडे, सुकट यांची गरज आहे, तीच मुलगी जेवण टाकते. तिला चक्कर येते, पाळी अनियमित होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मग ती म्हणते, मी ढ आहे. ती ढ नाही. ती उपाशी आहे.

मुलींनो, स्वतःच्या रंगाचा तिटकारा कोणी जन्माला येताना आणत नाही. तो शिकवला जातो. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पती-पत्नींनी १९४० च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली उचलली. तुझ्यासारखी कोणती, असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. वेगळ्या शाळा मुलांच्या मनात कमीपणा पेरतात, हे सांगताना १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाचा आधार घेतला. आपल्याकडे ही शाळा घरातच भरते. काळी, जाडी, बुटकी, हडकुळी, बोडकी ही नावे आपण लाडाने ठेवतो. बोलणारा विसरतो. मुलगी मात्र ते नाव मनात घेऊन आरशापुढे उभी राहते, आणि मग बाहेरचे कोणी हिणवायला उरले नाही तरी ती स्वतःच स्वतःला हिणवत राहते.

यावर उपाय काय? येथे आपल्याला दूर जायला नको. कोसलचा राजा पसेनदी आणि राणी मल्लिका यांची गोष्ट उदानात आहे. मल्लिका माळ्याची मुलगी होती. राजाने तिला एकदा विचारले, तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय असा कोणी आहे काय? तुम्हीच, असे उत्तर त्याला अपेक्षित असावे. मल्लिका सरळ म्हणाली, नाही महाराज, मला स्वतःपेक्षा प्रिय कोणी नाही. तुम्हाला आहे काय? राजानेही प्रामाणिकपणे नाही म्हटले. ही हकीकत ऐकून भगवंतांनी मल्लिकेला स्वार्थी ठरवले नाही. सगळ्या दिशा शोधल्या तरी स्वतःहून प्रिय कोणी सापडत नाही, आणि इतरांचेही तसेच असते, म्हणून ज्याला स्वतःची किंमत कळते त्याने दुसऱ्याला दुखवू नये, असा त्यांनी तिच्या उत्तराचा अर्थ सांगितला. आपल्या परंपरेत मैत्रीभावनेचा अभ्यासही स्वतःपासून सुरू करतात. जी मुलगी स्वतःला रोज शिव्या देते, ती जगाविषयी मैत्री कोठून आणणार?

हेच आज मानसशास्त्र सांगू लागले आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी बौद्ध ध्यानाच्या अभ्यासातून ही कल्पना उचलली आणि २००३ साली ‘स्वतःविषयी करुणा’ मोजण्याची पद्धत मांडली. तिची तीन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे स्वतःशी मायेने बोलणे. दुसरे, आपले दुःख आपल्या एकटीचे नाही हे ओळखणे. तिसरे, मनात आलेला विचार वाढवून न सांगता आणि दाबून न टाकता, आहे तसा पाहणे.

हे करायचे कसे, ते साध्या भाषेत सांगतो. मोबाईलमधला फोटो पाहून मनात आले, मी किती घाण दिसते. तेथे थांबा. ‘मी घाण आहे’ आणि ‘मी घाण आहे असा विचार माझ्या मनात आला’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसरे वाक्य म्हणा. मग आठवा, की या घटकेला याच गावातील, याच लोकलमधील कितीतरी मुली हाच विचार करीत आहेत, ज्यांना तुम्ही सुंदर समजता त्यासुद्धा. आणि शेवटी, तुमची जिवलग मैत्रीण हेच वाक्य स्वतःविषयी बोलली असती तर तुम्ही तिला काय म्हटले असते? तेच स्वतःला म्हणा. एका दिवसात जमणार नाही. बुद्धवंदनाही आपण एका दिवसात पाठ केली नव्हती.

यावर एक आक्षेप येतो. अशाने मुली आळशी होतील, अंगाची काळजी घेणार नाहीत, असे काही पालक म्हणतात. अनुभव उलटा आहे. नापास झालेल्या मुलाला मारून मारून शिकवले तर तो शाळा सोडतो. जवळ घेऊन चूक दाखवली तर पुन्हा परीक्षेला बसतो. शरीराचेही तसेच आहे. ज्या शरीरावर माया आहे त्याला आपण वेळेवर जेवू घालतो, चालवतो, झोपू देतो, डॉक्टरकडे नेतो. दीक्षेच्या वेळी आपण सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली आहे. त्या प्राणिमात्रांत आपले स्वतःचे शरीरही येते.

भगवंतांच्या संघातही रूपावरून हिणवणारे होतेच. लकुण्टक भद्दिय नावाचे भिक्खू ठेंगणे होते, दिसायला कुरूप होते आणि इतर भिक्खू त्यांना तुच्छ लेखीत. ते दुरून येताना दिसले तेव्हा भगवंतांनी बाकीच्या भिक्खूंना थांबवून सांगितले, की तुम्ही ज्याला हसता त्याने जे साध्य करायचे ते केव्हाच साध्य केले आहे. आपल्या शेजारचे सोपारा आपण सर्वांनी पाहिले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. तांब्याचा, त्यात चांदीचा आणि असे करत सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले होते. किंमत कशाची करायची, हे आपल्या सोपाऱ्याच्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

आपल्या चळवळीतल्या स्त्रियांची आठवण करा. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात चळवळीतल्या अशा कितीतरी स्त्रियांच्या हकिगती जमा केल्या. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या की सावळ्या, हे आज कोणी विचारते काय? विद्यार्थिनींनी ते पुस्तक संस्थेच्या वाचनालयातून जरूर वाचावे.

आता आमच्या सूचना. पहिली, संस्थेच्या वधू-वर परिचय अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना कायमचा काढून टाकावा. त्या जागी ‘वाचनाची आवड’ किंवा ‘सामाजिक कार्य’ विचारावे. दुसरी, घरात रंगावरून किंवा अंगावरून ठेवलेले नाव आजपासून बंद करावे. यात आजी-आजोबांचीही सवलत नको. तिसरी, चेहऱ्याला कोणतेही मलम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नये, आणि ज्या डबीवर घटक व बनवणाऱ्याचा पत्ता नाही ती घरात आणू नये. चौथी सूचना मुलांसाठी आहे. जयभीम म्हणणाऱ्या तरुणाने मुलगी पाहायला जाऊन गोरी हवी असे सांगणे म्हणजे बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर ठेवून मनुस्मृती उशाला घेणे होय. पाचवी, एखादी मुलगी जेवण टाकू लागली, जेवल्यावर उलट्या करू लागली, घराबाहेर पडेनाशी झाली किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर तिला उपदेश करू नका. तिच्याजवळ बसा आणि तिला डॉक्टरकडे न्या. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक संस्थेच्या फलकावर लिहून ठेवावा.

मुलींनो, बँकेच्या खिडकीवर पुन्हा याल तेव्हा आहे तसा फोटो घेऊन या. खाते तुमच्या नावाचे असते. शिष्यवृत्ती तुमच्या गुणांची असते. फोटोही तुमचाच असू द्या. आणि अध्यक्ष महोदय, आमची आपणांस नम्र विनंती आहे, की ‘वर्ण’ हा रकाना काढण्याचा ठराव पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. नवे अर्ज छापायला जाण्यापूर्वी तो व्हावा, म्हणजे जुने अर्ज संपेपर्यंत थांबा, असे कोणाला म्हणता येणार नाही.



जयभीम! जय भारत!